बाटली बदलण्यापूर्वी: शस्त्रक्रियेच्या जागेची त्वचा तयार करण्याविषयी

आपण एका छोट्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका आहात आणि आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: गेल्या तीन महिन्यांत चार रुग्णांच्या टाक्यांत पू झाला, त्यांपैकी दोन हर्नियाचे होते आणि दोन सिझेरियनचे. शल्यचिकित्सकांचे म्हणणे आहे की छेदापूर्वी त्वचेवर लावायचे जंतुनाशक द्रावण बदलावे, म्हणजे पोव्हिडोन आयोडीन बंद करून अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीन आणावे. भूलतज्ज्ञांना मात्र आगीच्या भीतीने अल्कोहोल आणि कॉटरी (विजेच्या उष्णतेने ऊती कापणारे आणि रक्तस्राव थांबवणारे उपकरण) एका टेबलावर नको आहेत. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगते आणि मग त्यामागची कारणे मांडते. अखंड त्वचेवर छेद घ्यायचा असेल आणि रुग्णाला त्या द्रावणाची अॅलर्जी नसेल, तर मी अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीनच निवडेन. भूलतज्ज्ञांची भीतीही पूर्णपणे खरी आहे, पण ती द्रावण नाकारण्याचे कारण होत नाही. ती द्रावण वाळेपर्यंत थांबण्याचे कारण आहे. तरीही केवळ बाटली बदलल्याने आपल्याकडचा पू थांबेल, असे आश्वासन मी देणार नाही. आज जे द्रावण आपण वापरता त्याला त्याचे काम करण्याइतका वेळ, जागा आणि स्वच्छ त्वचा मिळते का, हा खरा प्रश्न आहे. तो सुटला नाही, तर नवे द्रावणही जुन्याच पद्धतीने लावले जाईल.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे. चार रुग्ण म्हणजे किती शस्त्रक्रियांपैकी चार? चाळीसपैकी चार आणि चारशेपैकी चार यांचा अर्थ फार वेगळा होतो. पू कितव्या दिवशी दिसला? शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्ग साधारणपणे 30 दिवसांपर्यंत मोजतात आणि जाळी किंवा इतर रोपण आत ठेवले असेल तर खोल संसर्गासाठी 90 दिवसांपर्यंत लक्ष ठेवतात. म्हणजे हर्नियाचा जो रुग्ण दहाव्या दिवशी टाके काढून घरी गेला, त्याची नोंद तिथेच बंद करून चालत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुवाचा नमुना तपासणीला गेला होता का आणि त्यात कोणता जंतू वाढला?

या शेवटच्या प्रश्नावर मी अडून बसते, कारण जंतूचे नाव कुठे शोधायचे ते सांगते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला, तर रुग्णाची त्वचा, त्याचे नाक किंवा शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूतील कोणाचे तरी हात अथवा नाक यांच्याकडे पाहावे लागते. आतड्यातील जंतू सिझेरियनच्या जखमेत आले, तर जांघ आणि जननेंद्रियाच्या भागाची तयारी कशी होते ते पाहावे लागते. चारही जखमांत बर्खोल्डेरिया किंवा स्यूडोमोनास यांसारखा पाण्यात जगणारा एकच जंतू आला, तर संशय थेट द्रावणाच्या बाटलीवर जातो. त्याविषयी पुढे सांगते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी छिद्राच्या जागी न भरणाऱ्या गाठी आणि पाझरणारे व्रण दिसू लागले, तर क्षयाच्या जंतूचे जे पाण्यातले भाऊबंद असतात त्यांचा विचार करावा आणि उपकरणे कोणत्या पाण्यात धुतली जातात ते तपासावे. तिथे त्वचेला कितीही चांगले द्रावण लावले तरी उपयोग होणार नाही.

आता मूळ मुद्दा. त्वचा निर्जंतुक करता येत नाही. उपकरणे निर्जंतुक होतात, कापड होते, हातमोजे होतात. जिवंत त्वचा होत नाही. तिच्यावरचे काही जंतू पाहुण्यासारखे असतात, ते हाताला, कपड्याला, बिछान्याला लागून येतात आणि साबणाने बऱ्याच अंशी निघून जातात. उरलेले जंतू तिथले कायमचे रहिवासी असतात. ते केसांच्या मुळाशी आणि तैलग्रंथींच्या तोंडाशी खोलवर राहतात, जिथे कोणतेही द्रावण नीट पोचत नाही. सुरी त्या थरातूनच आत जाते. म्हणून त्वचा तयार करण्याचा हेतू एवढाच असतो की छेद घेताना जंतूंची संख्या शक्य तितकी खाली यावी आणि शस्त्रक्रिया संपेपर्यंत ती खालीच राहावी.

संख्या का महत्त्वाची, हे 1957 साली एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांतून दिसले. नुसत्या त्वचेत पू होण्यासाठी स्टॅफिलोकॉकसचे काही दशलक्ष जंतू टोचावे लागत होते. त्याच जागी रेशमी टाका असेल, तर काही शे जंतूही पुरत होते. हर्नियाची जाळी, टाक्यांचे धागे, हाडातला स्क्रू हे सारे शरीराला परके असते. आपले हर्नियाचे दोन रुग्ण मला सिझेरियनच्या रुग्णांपेक्षा अधिक चिंतेचे वाटतात, ते यामुळेच. जाळीवर जंतू एकदा बसले, की कधीकधी ती जाळीच काढावी लागते.

द्रावणे नेमके काय करतात, ते समजले की पद्धत पाठ करावी लागत नाही. अल्कोहोल जंतूची प्रथिने साकळवते. त्याचा परिणाम काही सेकंदांत होतो आणि तो सर्वांत वेगवान असतो, पण अल्कोहोल उडून गेले की परिणामही संपतो, आणि बीजाणूंवर, म्हणजे काही जंतूंच्या टणक कवचातल्या सुप्त रूपावर, ते चालत नाही. शुद्ध अल्कोहोलपेक्षा सुमारे 70 टक्क्यांचे अल्कोहोल अधिक प्रभावी ठरते, कारण प्रथिने साकळण्यासाठी पाणीही लागते. पोव्हिडोन आयोडीनमध्ये आयोडीन एका मोठ्या रेणूला बांधलेले असते आणि ते हळूहळू मोकळे होत जंतूंना मारते. 10 टक्के द्रावणात उपलब्ध आयोडीन 1 टक्का असते. हे मोकळे होण्याचे काम वेळ घेते, आणि रक्त, पू किंवा मळ असला तर आयोडीन त्यातच खर्ची पडते. क्लोरहेक्सिडीन धन विद्युतभाराचे असल्यामुळे त्वचेच्या वरच्या थराला चिकटून राहते आणि शस्त्रक्रियेनंतरही कित्येक तास काम करत राहते. त्याच गुणामुळे त्याचा एक दोषही आहे: नेहमीच्या साबणाचा ऋणभारित अंश त्वचेवर राहिला, तर त्याच्याशी जुळून ते निष्प्रभ होते. म्हणून साबणाने धुतलेली त्वचा पाण्याने पूर्ण स्वच्छ करून कोरडी केल्याशिवाय त्यावर क्लोरहेक्सिडीन लावू नये.

अल्कोहोल आणि क्लोरहेक्सिडीन एकत्र आले, की एक पहिल्या मिनिटात काम करते आणि दुसरे पुढच्या काही तासांत. या जोडीकडे कल का गेला, ते यावरून कळते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 849 रुग्णांच्या अभ्यासात अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीनच्या गटात संसर्गाचे प्रमाण 9.5 टक्के आणि पाण्यातील पोव्हिडोन आयोडीनच्या गटात 16.1 टक्के आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीनची ठाम शिफारस केली. आपल्या शल्यचिकित्सकांच्या मनात बहुधा हेच असावे.

पण 2010 च्या त्या तुलनेत एक उणीव आहे आणि ती मी माझ्या निवासी डॉक्टरांना नेहमी दाखवते. एका बाजूला अल्कोहोल होते, दुसऱ्या बाजूला नव्हते. मग जिंकले कोण, क्लोरहेक्सिडीन की अल्कोहोल? दोन्ही बाजूंना अल्कोहोल ठेवून पाहिले, तर चित्र इतके एकतर्फी राहत नाही. 2016 साली सिझेरियनच्या 1147 स्त्रियांमध्ये क्लोरहेक्सिडीन आणि अल्कोहोल यांच्या गटात 4.0 टक्के, तर आयोडीन आणि अल्कोहोल यांच्या गटात 7.3 टक्के संसर्ग झाला, म्हणजे तिथे क्लोरहेक्सिडीन पुढे राहिले. 2024 साली स्वित्झर्लंडमध्ये हृदयाच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांच्या 3360 रुग्णांमध्ये मात्र अल्कोहोलयुक्त पोव्हिडोन आयोडीनच्या गटात 5.1 आणि अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीनच्या गटात 5.5 टक्के असे जवळजवळ समान आकडे आले. त्याच वर्षी हाडे मोडलेल्या रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात, जखम उघडी नसलेल्या अस्थिभंगांत, अल्कोहोलमधले आयोडीन थोडे सरस ठरले; 2.4 टक्क्यांविरुद्ध 3.3 टक्के. आणि 2021 साली अल्प व मध्यम उत्पन्नाच्या सात देशांत पोटाच्या शस्त्रक्रियांच्या 5788 रुग्णांवर जो अभ्यास झाला, त्यात अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीन पाण्यातील पोव्हिडोन आयोडीनपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झाले नाही.

हे सारे एकत्र वाचून मी दोन निष्कर्षांवर आले आहे. पहिला, जिथे अल्कोहोल सुरक्षितपणे वापरता येते तिथे ते द्रावणात असावे. त्याच्या सोबतीला क्लोरहेक्सिडीन की आयोडीन, हा दुय्यम प्रश्न आहे. दुसरा, ज्या रुग्णालयाकडे आज फक्त पाण्यातील पोव्हिडोन आयोडीन आहे, त्याने आपण रुग्णांवर अन्याय करत आहोत असे समजू नये; ते द्रावण नीट लावले आणि वाळू दिले, तर पुष्कळ काम करते.

नीट लावणे म्हणजे काय, हे मी एका कोपऱ्यात उभी राहून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या रुग्णालयात काम करत होते तिथे अशीच पुवाची मालिका सुरू झाली आणि संसर्ग नियंत्रणाची जबाबदारी माझ्याकडे आली. मी दोन आठवडे, मला स्वतःला शस्त्रक्रिया करायची नसेल त्या वेळी, हातात घड्याळ घेऊन शस्त्रक्रियागृहात नुसती उभी राहिले. पोव्हिडोन आयोडीनचे तीन हात मनापासून दिले जात होते. मग लगेच मदतनीस कोरड्या गॉजने ते पुसून काढत असे, कारण छेदाच्या जागी लावायचा चिकट प्लॅस्टिक पडदा ओल्या त्वचेवर बसत नसे. पुसल्यापासून सुरीपर्यंत पुष्कळदा एक मिनिटही जात नव्हते. आयोडीनला मोकळे होण्यासाठी जो वेळ लागतो, तो आम्ही त्याला देतच नव्हतो. त्वचा पिवळी दिसत होती आणि त्या रंगावर सर्वांचे समाधान होत होते. बेंबी पुसलेला तोच गॉज पुढे कुशीपर्यंत जात होता, हेही मी अनेकदा पाहिले. कोणी आळशी नव्हते, कोणी बेफिकीर नव्हते. प्रत्येकाने आपल्याआधीच्याकडून जसे शिकले तसे तो करत होता.

त्याच रुग्णालयाच्या भांडारात मला दुसरी गोष्ट सापडली. द्रावणाच्या मोठ्या कॅनमधून छोट्या बाटल्या भरल्या जात आणि बाटली अर्धी झाली की तीत वरून नवे द्रावण ओतले जाई. बाटलीचा तळ कित्येक महिने रिकामा झालेला नव्हता. अँटिसेप्टिक द्रावणात जंतू कसे राहतील, असा प्रश्न मला तिथे सर्वांनी विचारला. ते राहतात. पोव्हिडोन आयोडीनमध्ये आणि पाण्यातील क्लोरहेक्सिडीनमध्ये बर्खोल्डेरियासारखे जंतू जिवंत सापडले आहेत आणि त्यातून संसर्गाच्या साथीही झाल्या आहेत. ज्या वस्तूने त्वचा स्वच्छ करायची तीच जंतू लावत असेल, तर हात जितका काळजीपूर्वक फिरेल तितके नुकसान अधिक. म्हणून बाटली वरून भरणे आपण आजच बंद करावे. एकदा वापरायच्या छोट्या बाटल्या किंवा पाकिटे मिळाली तर उत्तम. मिळत नसतील, तर मूळ कारखान्यात भरलेली लहान बाटली उघडल्याची तारीख लिहून वापरावी आणि संपल्यावर टाकून द्यावी. सकाळी वाटीत ओतलेले द्रावण दुपारच्या रुग्णाला वापरू नये. अल्कोहोल त्या वाटीतून उडून जाते आणि जे उरते ते बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाचे राहत नाही.

आता प्रत्यक्ष लावण्याविषयी. त्वचेवर दिसणारा मळ, तेल, जुन्या पट्टीचा चिकटा आधी साबणपाण्याने काढावा, कारण मळावर लावलेले द्रावण मळालाच लागते. पोटावर काम असेल, तर बेंबी वेगळ्या बोळ्याने आधीच स्वच्छ करून तो बोळा टाकून द्यावा. नंतर छेदाच्या जागेपासून सुरुवात करून बाहेर जावे आणि कडेला पोचलेला गॉज मध्यभागी परत आणू नये. काख, जांघ, गुदद्वार, वाहणारी जखम किंवा बाहेर काढलेले आतडे असा जंतूंनी भरलेला भाग क्षेत्रात येत असेल, तर तो शेवटी घ्यावा. क्षेत्र मोठे ठेवावे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत मी स्तनाग्रांच्या पातळीपासून मांडीच्या मध्यापर्यंत तयारी करते, कारण छेद वाढवावा लागला किंवा बाजूने निचऱ्याची नळी काढावी लागली, तर ती न रंगवलेल्या त्वचेतून निघता कामा नये.

पोव्हिडोन आयोडीन पारंपरिक पद्धतीने, मध्यापासून बाहेर जाणाऱ्या वर्तुळांत लावतात. अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीनच्या तयार कांडीबरोबर येणाऱ्या सूचना वेगळ्या असतात: कोरड्या त्वचेवर सुमारे 30 सेकंद आणि जांघेसारख्या ओलसर जागी सुमारे 2 मिनिटे, मागे-पुढे घासत लावावे. घासण्यामागे कारण आहे. त्वचेच्या वरच्या पेशींच्या फटींत द्रावण शिरावे लागते. आपल्याकडे जे उत्पादन येईल त्याच्या माहितीपत्रकातली वेळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. आणि रंगीत द्रावण निवडा. बिनरंगी द्रावणात कोणता भाग सुटला ते दिसत नाही, आणि सुटलेला भाग नेमका कुशीच्या वळणावर किंवा पोटाच्या घडीत असतो.

लावून झाले की पुसू नका, फुंकू नका, पंख्याने वारा घालू नका. वाळू द्या. ज्या चिकट पडद्यासाठी आम्ही घाई करत होतो, त्याच्याविषयीही एक गोष्ट सांगते: जंतुनाशक नसलेला साधा चिकट प्लॅस्टिक पडदा छेदावर लावल्याने संसर्ग कमी होत नाही, आणि तो वाढण्याचीच शक्यता दिसून आली आहे. आम्ही तो वापरणेच सोडले आणि पुसण्याचे कारणही त्याबरोबर संपले.

इथे भूलतज्ज्ञांचा मुद्दा येतो आणि त्यावर मी मुद्दाम थोडी अधिक थांबते. अल्कोहोलची वाफ, कॉटरीची ठिणगी आणि ऑक्सिजन एकत्र आले की आग लागते. अशा आगींत रुग्ण गंभीर भाजले आहेत. धोका ओल्या द्रावणाचा असतो आणि ते ओले राहते कुठे, हे माहीत असले की तो टाळता येतो. ते बेंबीत साचते, पाठीखाली ओघळते, चादरीत मुरते, टूर्निकेटच्या (रक्तप्रवाह थांबवण्यासाठी हातापायाला आवळलेल्या पट्ट्याच्या) कडेखाली शिरते आणि केसांत अडकते. केस नसलेल्या त्वचेवर किमान 3 मिनिटे थांबावे लागते. केसांत द्रावण गेले असेल, तर पूर्ण वाळायला तासभरही लागू शकतो. त्वचा वाळण्याआधी कापड अंथरले, तर वाफ त्याखाली कोंडते आणि वरून सारे कोरडे दिसते. म्हणून लावण्यापूर्वी रुग्णाच्या दोन्ही बाजूंना शोषक कापड सरकवावे आणि लावून झाल्यावर ते ओले असो वा नसो, काढून घ्यावे. डोके आणि मानेच्या शस्त्रक्रियेत, जिथे तोंडाजवळ ऑक्सिजन वाहतो, तिथे मी अल्कोहोलचा आग्रह धरत नाही आणि भूलतज्ज्ञांचा शब्द अंतिम मानते.

यासाठी आमच्याकडे एक साधी रीत आहे. द्रावण लावून झाले की परिचारिका मोठ्याने वेळ सांगते आणि फळ्यावर लिहिते. तीन मिनिटे झाली की ती "वाळले" असे म्हणते. भूलतज्ज्ञ पाठीखालची चादर हाताने तपासतात. त्यानंतरच कापड अंथरले जाते. हा अधिकार परिचारिकेचा आहे, आणि शल्यचिकित्सक कितीही ज्येष्ठ असले तरी तिच्या शब्दाआधी सुरी मागायची नाही, हे रुग्णालयाने लेखी दिले आहे. आपल्याला तसे लेखी मिळाले नाही, तर ते मागा. त्या तीन मिनिटांत चमूने रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची बाजू आणि प्रतिजैविक दिल्याची वेळ तपासून घ्यावी; म्हणजे वेळ वाया गेला असे कोणालाही वाटत नाही. द्रावण पाण्यातले असो की अल्कोहोलमधले, हीच रीत ठेवा. आगीच्या भीतीने पाळलेली ती तीन मिनिटे जंतूंवरही काम करतात, म्हणूनच आपल्या दोन सहकाऱ्यांच्या म्हणण्यात मला विरोध दिसत नाही.

काही ठिकाणी ही निवड बदलते. डोळ्याजवळ आणि कानात क्लोरहेक्सिडीन जाऊ देऊ नये. ते डोळ्याच्या पारदर्शक पटलाला इजा करते आणि मधल्या कानात गेल्यास बहिरेपण येऊ शकते. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या आवरणांशी त्याचा संपर्क टाळावा. श्लेष्मल त्वचेवर आणि उघड्या जखमेत अल्कोहोल वापरू नये. तिथे पाण्यातील द्रावण घ्यावे. सिझेरियनपूर्वी योनिमार्ग पाण्यातील पोव्हिडोन आयोडीनने स्वच्छ करण्याची शिफारस आहे, पण तिचा फायदा मुख्यतः गर्भाशयाच्या संसर्गासाठी आहे. पोटावरच्या टाक्यांची काळजी त्याने भागत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची त्वचा अल्कोहोल आणि क्लोरहेक्सिडीन यांनी भाजते आणि आयोडीन त्वचेतून आत जाऊन थायरॉईडच्या कामात अडथळा आणते, म्हणून तिथे बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय काहीही लावू नये आणि कुठेही साचू देऊ नये. क्लोरहेक्सिडीनची तीव्र अॅलर्जी विरळ आहे, पण ती जिवावर बेतू शकते. "अँटिसेप्टिकने कधी अंगावर पित्त उठले होते का" हा प्रश्न भरतीच्या कागदावर असावा.

टेबलावर येण्याआधीच्या दोन गोष्टी अजून सांगायला हव्यात. पहिली केसांची. आपल्याकडे आदल्या संध्याकाळी वॉर्डमध्ये वस्तऱ्याने पार्ट तयार करण्याची, म्हणजे शस्त्रक्रियेच्या भागावरचे केस काढण्याची, पद्धत असेल, तर माझ्या मते द्रावणाच्या आधी ती थांबवली पाहिजे. वस्तरा डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य जखमा करतो, रात्रभर त्यांत जंतू वाढतात आणि सकाळी आपण त्याच त्वचेवर द्रावण लावतो. 1971 सालच्या एका अभ्यासात वस्तऱ्याने केस काढलेल्यांमध्ये संसर्गाचे प्रमाण 5.6 टक्के, तर केस न काढलेल्यांमध्ये किंवा केस काढण्याचे मलम वापरलेल्यांमध्ये 0.6 टक्के होते. केस आड येत नसतील तर ठेवावेत. येत असतील तर शस्त्रक्रियेच्या थोडे आधी, शस्त्रक्रियागृहाबाहेर, क्लिपरने कापावेत. दुसरी गोष्ट अंघोळीची. आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी सर्वांगाने अंघोळ व्हावी. साधा साबण चालतो, अँटिसेप्टिक साबणाने त्यात मोठी भर पडते असे ठामपणे दिसलेले नाही.

त्वचेच्या बाहेरची कारणेही आहेत आणि ती मी थोडक्यातच नोंदवते. प्रतिजैविक छेदाआधी दिले गेले पाहिजे, सिझेरियनमध्येसुद्धा, आणि टाके पडल्यावर ते दिवसेंदिवस चालू ठेवण्याने संसर्ग कमी होत नाही. रुग्ण टेबलावर गारठता कामा नये. 1996 साली मोठ्या आतड्याच्या 200 रुग्णांमध्ये शरीर उबदार ठेवलेल्यांत 6 टक्के आणि न ठेवलेल्यांत 19 टक्के संसर्ग झाला होता. रक्तातील साखर आटोक्यात हवी. यांपैकी काही ढासळलेले असेल, तर त्वचेवरची सारी मेहनत अपुरी पडेल.

मी आपल्या जागी असते, तर क्रम असा ठेवला असता. आज बाटल्या वरून भरणे आणि वस्तरा बंद. या आठवड्यात चारही रुग्णांचे कागद काढून शस्त्रक्रियेची तारीख, पू दिसल्याचा दिवस, जंतूचे नाव, प्रतिजैविकाची वेळ आणि त्वचा कोणी तयार केली, हे एका पानावर. पुढचे दोन आठवडे, कोणावर ठपका न ठेवता, प्रत्येक शस्त्रक्रियेत द्रावण लावल्यापासून सुरीपर्यंतची वेळ नोंदवायची आणि कोणी पुसले का तेवढे लिहायचे. हे झाल्यावर अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडीन आणावे, चमूला तीन मिनिटांची रीत शिकवून; आणि मग प्रत्येक रुग्णाला तिसाव्या दिवशी, जाळी बसवलेल्याला नव्वदाव्या दिवशीही, दूरध्वनी करून जखम कशी आहे ते विचारावे. आमच्याकडे त्या जुन्या मालिकेनंतर पू होण्याचे प्रमाण खाली आले तेव्हा आम्ही द्रावण बदललेलेच नव्हते. पुसणे, वस्तरा आणि बाटल्या भरणे एवढेच थांबवले होते. या तिघांपैकी कशाने किती फरक पडला ते मी सांगू शकत नाही, कारण आम्ही तिन्ही एकाच महिन्यात थांबवले.

आणि पुवाचे अहवाल आल्यावर दोन रुग्णांत जरी तोच पाण्यातला जंतू दिसला, तरी बैठकीची वाट पाहू नका. त्याच तासाला शस्त्रक्रियागृहातल्या आणि वॉर्डमधल्या सर्व उघड्या बाटल्या वापरातून काढा, पण फेकू नका. प्रत्येकीवर जागा आणि तारीख लिहून त्या प्रयोगशाळेत पाठवा.